पहिला घास

परवा नातवाचं उष्टावण झालं. मामाने चांदीच्या वाटीतली खीर बोटावर घेऊन त्याच्या ओठांना लावली आणि मला एकदम शाळेतली काचेची पेटी आठवली.

आमच्या वर्गात फायटर माशाने अंडी घातली होती. दोन दिवसांत शेपट्या वळवळू लागल्या. मी उकडलेल्या अंड्याचा बलक चुरून पाण्यात टाकला. पाणी नासलं आणि सहाव्या दिवशी पेटी रिकामी झाली. एका मुलीने विचारलं, "बाई, त्यांना भूक लागली होती का?" मी म्हटलं, "नाही गं, अशक्तच होती ती." उत्तर चुकीचं होतं, हे निवृत्तीनंतर वाचताना कळलं.

माशाचं पिल्लू पोटाशी बलकाची शिदोरी बांधूनच जन्मतं. ती चार-दोन दिवसांत संपते. मग त्याला लागतं इवल्याशा तोंडात मावेल असं, हलणारं, जिवंत अन्न. बुडाशी बसलेला चुरा त्याला अन्न वाटतच नाही.

मोठमोठ्यांनाही हे कोडं सुटलं नव्हतं. नॉर्वेत फ्लोदेविगन येथे १८८० च्या दशकापासून कॉड माशाची अंडी उबवत. पण पिल्लांना भरवायचं काय? म्हणून शिदोरी संपण्याआधीच लाखोंनी समुद्रात सोडत.

मग खाऱ्या पाण्यातला एक किडा कामी आला, आर्टेमिया. त्याची कवचबंद अंडी कोरडी ठेवली तर वर्षानुवर्षं टिकतात आणि खाऱ्या पाण्यात टाकली की साधारण एका दिवसात जिवंत खाऊ तयार! अमेरिकेत अल्विन सील यांनी १९३३ साली आणि नॉर्वेत गुन्नार रोलेफ्सेन यांनी १९३९ साली माशांच्या पिल्लांना तो भरवून दाखवला. मला तर हे साठवणीच्या कुरडयांसारखंच वाटतं. हा किडा आपल्या मुंबईच्या मिठागरांतही सापडलेला आहे.

तरी काही पिल्लांच्या तोंडाला तोही मोठा होई. जपानात वाम माशांच्या तळ्यांत रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव माजून पाणी बिघडवत. लोक त्यांना पीडाच समजत. टाकाशी इटो यांनी १९६० साली दाखवलं, की समुद्री माशांच्या पिल्लांना हाच पहिला घास चालतो. पुढे हॅचऱ्यांमध्ये त्याची मुद्दाम शेती होऊ लागली. आधी रोटिफर, मग आर्टेमिया, मग तयार खाद्य असा क्रम बसला. अगदी आपल्या पेज, मऊ भात, पोळी यांसारखा!

म्हणजे मी बलक टाकला तेव्हा हे सगळं ज्ञान जगात होतं. फक्त माझ्यापर्यंत आलं नव्हतं, आणि मी शोधलंही नव्हतं. शिकवतानाही असंच झालं असेल का? मागच्या बाकावरच्या कितींना मी न झेपणारे घास भरवले आणि 'अशक्त' म्हणून मोकळी झाले?

ती मुलगी आता पन्नाशीची असेल. कुठे भेटलीच तर सांगेन, "हो गं, भूकच लागली होती त्यांना."