विजापूरचे बुरूज

विजापूरचे बुरूज हे आदिलशाहीची राजधानी असलेल्या विजापूर शहराच्या संरक्षणासाठी सोळाव्या व सतराव्या शतकांत बांधलेले बुरूज होत. हे शहर आज कर्नाटक राज्यात असून २०१४ पासून त्याचे अधिकृत नाव विजयपुरा असे आहे. शहराभोवतीच्या तटाचा घेर सुमारे दहा किलोमीटर असून त्यात ९६ बुरूज मोजले जातात. वेशींलगतचे बुरूज यांहून वेगळे. यांपैकी उपरी बुरूज व शेर्झा बुरूज हे विशेष प्रसिद्ध आहेत.

पार्श्वभूमी

सह्याद्रीतील गडांना उंच कडे आणि खोल दऱ्या यांचे नैसर्गिक संरक्षण असते. विजापूर मात्र दख्खनच्या पठारावरील मोकळ्या माळरानात वसलेले आहे. शत्रूला अडवील असा डोंगर नाही आणि मोठी नदीही जवळ नाही. त्यामुळे गडाला जी उंची निसर्गतः लाभते, ती येथे दगडचुन्याने उभारावी लागली. शहराच्या मधोमध अर्ककिल्ला हा राजवाड्यांचा बालेकिल्ला होता. त्याच्या बाहेर वाढलेल्या वस्तीला कवेत घेणारा मोठा तट पहिला अली आदिलशहा (कारकीर्द १५५८–१५८०) याने १५६५ च्या सुमारास पूर्ण केला. त्याच वर्षी तालिकोटच्या (राक्षसतागडीच्या) लढाईत दख्खनच्या सुलतानांनी विजयनगरचा पराभव केला होता.

तट आणि बुरूज

तटाची उंची ठिकठिकाणी सुमारे नऊ ते पंधरा मीटर असून जाडी सरासरी सहा मीटर आहे. बाहेरून खंदक आहे. तटाच्या माथ्यावर सैनिकांना चालण्यासाठी रुंद फांजी असून तिच्या बाहेरच्या अंगाला चर्या व जंग्या आहेत. मक्का, शाहपूर, बहमनी, अल्लापूर व फतेह या पाच मुख्य वेशी होत.

तटाचे बांधकाम एकसारखे नाही. कोठे घडीव दगड नेटके बसवलेले दिसतात, तर कोठे काम ओबडधोबड आहे. अलीने तटाचा एकेक भाग एकेका सरदाराकडे सोपवला होता आणि ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे व आवडीप्रमाणे तो बांधला, असे परंपरा सांगते. तट प्रत्यक्ष पाहिल्यावर ही परंपरा पटण्यासारखी वाटते.

तोफांचा वापर वाढल्यावर बुरुजाचे कामही बदलले. पूर्वी तो मुख्यतः टेहळणीची आणि बाण वा बंदुकीच्या माऱ्याची जागा होता; आता तो प्रचंड तोफेचा चौथरा झाला. विजापूरच्या मोठ्या बुरुजांच्या माथ्यावर मध्यभागी लोखंडी खुंट रोवून त्यावर तोफ बसवीत. त्यामुळे एरवी जागची न हलणारी अवजड तोफ हव्या त्या दिशेला वळवता येई. बार उडाल्यावर तोफ मागे रेटली जाते; तो धक्का झेलण्यासाठी चौथऱ्याच्या कडेला भक्कम भिंत बांधलेली असे. दक्षिण तटावरील लांडा कसाब ही सुमारे साडेसहा मीटर लांबीची तोफही अशाच बुरुजावर ठेवलेली आहे.

उपरी बुरूज

हा तटाचा भाग नसून तटाच्या आत, शहराच्या पश्चिम भागातील उंच जागेवर स्वतंत्रपणे उभा आहे. हैदरखान या सरदाराने तो १५८४ च्या सुमारास बांधला, म्हणून त्याला हैदर बुरूज असेही म्हणतात. उंची सुमारे २४ मीटर असून दगडी जिना बाहेरच्या अंगाने वळसा घेत माथ्यावर जातो. तटाचे काम चालू असताना हैदरखान मोहिमेवर होता. परतल्यावर आपला वाटा राहून गेल्याची खंत त्याला वाटली आणि सर्वांहून उंच बुरूज बांधून त्याने ती भरून काढली, अशी आख्यायिका आहे. तिचे खरेखोटे काहीही असले, तरी जागेची निवड लष्करी दृष्टीने अचूक होती. तटाच्या डोक्यावरून पलीकडच्या मैदानावर मारा करता येईल, अशी ही जागा आहे.

माथ्यावर दोन तोफा आहेत. त्यांपैकी लंबछडी ही नऊ मीटरांहून अधिक लांब आहे. ती ओतीव नसून लोखंडी पट्ट्या उभ्या जोडून, त्यांवर तापवलेली कडी चढवून घडवलेली आहे.

शेर्झा बुरूज आणि मुलूखमैदान

पश्चिम तटावरील या बुरुजावर सिंहांची शिल्पे आहेत, म्हणून त्याला शेर्झा (सिंह) हे नाव मिळाले. तो दुसरा अली आदिलशहा (१६५६–१६७२) याच्या काळात पाच महिन्यांत उभारला गेल्याचे तेथील शिलालेखात नमूद आहे.

येथील मलिक-ए-मैदान, म्हणजे ‘रणांगणाचा स्वामी’, ही तोफ मुळात विजापूरची नव्हे. ती १५४९ मध्ये अहमदनगरला निजामशाहीत रूमीखानाने कांस्य धातूत ओतली. तिची लांबी सुमारे ४.४ मीटर, व्यास दीड मीटर आणि वजन अंदाजे ५५ टन आहे. तोंडाशी हत्तीला गिळणाऱ्या सिंहमुखी श्वापदाचे शिल्प आहे. पुढे ही तोफ परांडा किल्ल्यावर होती. तेथून १६३२ मध्ये मुरार जगदेव याने ती विजापूरला आणली. तिच्याबरोबरची कडकबिजली ही तोफ वाटेत नदीत बुडाली, असे सांगतात. मराठीत मलिक-ए-मैदानचे ‘मुलूखमैदान’ झाले, आणि गडगडाटी वक्त्याला ‘मुलूखमैदान तोफ’ म्हणण्याचा प्रघात पडला. हा शब्दप्रयोग करणाऱ्या अनेकांना ती तोफ आजही बुरुजावर आहे, याची कल्पना नसते.

वेढे

मिर्झाराजे जयसिंग १६६५ च्या अखेरीस विजापूरवर चालून आला. पुरंदरच्या तहानुसार शिवाजी महाराजही त्या मोहिमेत त्याच्याबरोबर होते. विजापूरकरांनी शहराभोवतीच्या विहिरी व तळी निकामी केली होती, आणि जयसिंगाजवळ वेढ्याच्या मोठ्या तोफा नव्हत्या. १६६६ च्या आरंभी त्याला माघार घ्यावी लागली.

१६७९ मध्ये दिलेरखानाने चाल केली, तेव्हा चित्र पालटले होते. विजापूरचा कारभारी सिद्दी मसूद याने शिवाजी महाराजांकडेच मदत मागितली. महाराजांनी शहरात सैन्य व रसद पाठवली आणि मोगली मुलखावर स्वाऱ्या करून दिलेरखानावरील दडपण वाढवले. हाही वेढा उठला.

अखेरचा वेढा १६८५ मध्ये शाहजादा आझम याने घातला. पुढच्या वर्षी औरंगजेब स्वतः आला. तोफांच्या माऱ्यापेक्षा शहराला जेरीस आणले ते उपासमारीने. खंदक आणि तट यांच्या आत अन्न व चारा संपला, माणसे आणि घोडी मरू लागली, आणि १२ सप्टेंबर १६८६ रोजी सिकंदर आदिलशहाने शरणागती पत्करली. औरंगजेबाने मुलूखमैदानवर आपल्या विजयाचा लेख कोरवला. मंगोळी वेशीचे नाव फतेह दरवाजा पडले ते याच विजयावरून.

उत्तरकाळ

राजधानीचे महत्त्व गेल्यावर शहर ओस पडत गेले. १८१८ नंतर विजापूर सातारच्या छत्रपतींच्या राज्यात होते. १८४८ मध्ये ते राज्य खालसा झाल्यावर इंग्रजांकडे गेले. १८५४ मध्ये निरुपयोगी सरकारी सामानाबरोबर मुलूखमैदानचाही लिलाव पुकारण्यात आला आणि सर्वांत मोठी बोली १५० रुपयांची लागली. स्थानिक अधिकाऱ्याला ती रक्कम फारच अल्प वाटली, शिवाय तोफेविषयी लोकांच्या मनात आदर असल्याचेही त्याने वरिष्ठांना कळवले. विक्री रद्द झाली आणि तोफ वितळण्यापासून वाचली.

रस्त्यांसाठी तट काही ठिकाणी फोडला गेला असून खंदकाचे काही भाग बुजले आहेत. उपरी व शेर्झा हे दोन्ही बुरूज भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या संरक्षणाखाली आहेत.