सोराबजींचं मौन आणि दोन तासांचा ऑर्गन

आपलं संगीत कुणी जाहीरपणे वाजवू नये, असं एखादा संगीतकार स्वतःच म्हणेल का? कैखुश्रू शापूरजी सोराबजी म्हणाले, आणि सुमारे चाळीस वर्षं त्यावर ठाम राहिले.

त्यांचा जन्म 1892 चा, इंग्लंडमधल्या एसेक्सचा. वडील मुंबईचे पारशी इंजिनिअर, आई इंग्लिश. जन्मनाव लिऑन डडली. पारशी नाव त्यांनी पुढे स्वतः घेतलं. मात्र कुणी 'भारतीय' म्हटलं की ते चिडायचे. त्यामुळे 'आपल्या मुंबईचा संगीतकार' म्हणून मिरवायचा मोह मी आवरतो.

मुंबईचा खरा धागा पैशाचा आहे. इंग्लंडमध्ये ऑर्गनसाठी लिहिणारे बहुतेक जण चर्चमध्ये नोकरी करायचे. रविवारच्या प्रार्थनेत बसेल एवढंच लिहायचं, हे ओघानं आलं. सोराबजींना वडिलांच्या ट्रस्टमधून पैसे मिळत. ना पाद्री खूश करायचा होता, ना प्रकाशक.

त्या मोकळेपणातून 1924 साली पहिली ऑर्गन सिम्फनी आली. सिम्फनी म्हणजे अख्खा वाद्यवृंद, पण इथे माणूस एकटाच. दोन हात एकावर एक रचलेल्या कीबोर्डांवर, दोन पाय पेडलवर, आणि लांबी सुमारे दोन तास! ऑर्गन आपल्या पेटीसारखाच हवेवर चालतो. फरक इतकाच, की पेटीत पितळी पट्ट्या थरथरतात आणि ऑर्गनमध्ये हजारो नळ्या बोलतात.

1936 मध्ये लंडनला त्यांच्या एका अवाढव्य पियानोरचनेचा काही भाग वाजवला गेला, तोही भलताच संथ. सोराबजी संतापले. वाईट वाजवण्यापेक्षा न वाजवलेलं बरं, असं म्हणत त्यांनी जाहीर वादनाला मनाई केली. लिहिणं मात्र थांबलं नाही. हजारो पानं कपाटात साठत गेली. 1976 मध्ये ते थोडे नरमले.

ही सिम्फनी पहिल्यांदा सलग, पूर्ण वाजली ती 1987 मध्ये. पुढच्याच वर्षी केविन बॉयर या तरुण वादकाने ब्रिस्टलच्या सेंट मेरी रेडक्लिफ चर्चमध्ये ती रेकॉर्ड केली. त्याच 1988 च्या ऑक्टोबरमध्ये सोराबजी गेले.

हे रेकॉर्डिंग मी तुकड्यातुकड्यांनी ऐकलं. सुरुवातीला नुसता गोंगाट वाटला. मग कळलं, की खाली पेडलवर एक धून पुन्हापुन्हा येते आणि वर सगळं बदलत राहतं. ती धून धरून ठेवली की वाट सापडते. बॉयर घाई करत नाहीत आणि रेंगाळतही नाहीत. सोराबजींना ज्याची भीती होती, ते इथे घडत नाही.

म्हणून मला त्यांची मनाई निव्वळ लहर वाटत नाही. एका वाईट कार्यक्रमावरून लोक रचनेलाच नावं ठेवतात, हे त्यांनी पाहिलं होतं. पण मनाईची किंमतही मोठी होती. कागदावरचं संगीत वादकाच्या हातात गेल्याशिवाय शिकता येत नाही, सुधारता येत नाही. चाळीस वर्षांत किती वादकांनी या पानांकडे पाहून पुस्तक मिटलं असेल!

बॉयर इथेच थांबले नाहीत. दुसऱ्या ऑर्गन सिम्फनीची हस्तलिखित पानं वाचून त्यांनी वर्षानुवर्षं तिची नीट प्रत तयार केली आणि 2010 मध्ये ग्लासगोला ती वाजवली. सुमारे आठ तास. ती 1932 मध्येच लिहून झाली होती. मौनाने सोराबजींचं संगीत बिघडू दिलं नाही, हे खरं. पण ते जिवंत केलं एका हट्टी वादकाने.