योरुबा बालशिक्षण : इफे प्रकल्प
नैर्ऋत्य नायजेरियातील योरुबाभाषक मुलांना संपूर्ण प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याचा प्रयोग. इफे विद्यापीठातील शिक्षणतज्ज्ञ बाब्स फाफुन्वा (1923–2010) यांच्या पुढाकाराने तो 1970 मध्ये सुरू झाला. फोर्ड फाउंडेशनने अर्थसाहाय्य दिले. तेव्हाच्या प्रथेनुसार योरुबा पहिली तीन वर्षेच माध्यम असे, पुढे सारे इंग्रजीतून. या प्रकल्पात गणित व विज्ञानासह सर्व विषय सहाही वर्षे योरुबातून शिकवले. इंग्रजी हा स्वतंत्र विषय होता. ही मुले इतर विषयांत सरस ठरलीच, इंग्रजीतही मागे पडली नाहीत. पालकांना मुख्य धास्ती होती ती नेमकी इंग्रजीत मागे पडण्याचीच.

मुले ज्या लिपीतून वाचायला शिकतात, ती योरुबाची रोमन वर्णमाला 25 अक्षरांची. काही अक्षरांखाली टिंब येते, तर उच्च व नीच सूर स्वरावरील चिन्हांनी दाखवतात. मध्यम सूर बहुधा अचिन्हित राहतो. सुरानुसार ‘ओको’ म्हणजे नवरा, कुदळ किंवा वाहन. तरीही छपाईत सूरचिन्हे सर्रास गाळली जातात. जाणत्या वाचकाचे संदर्भाने भागते. नवशिक्या मुलाला मात्र अंदाज बांधावा लागतो. मुलांच्या वाचनासाठी जे. एफ. ओदुन्जो यांची ‘अलाविये’ ही वाचनमाला पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. फाफुन्वा पुढे केंद्रीय शिक्षणमंत्री झाले, पण इफे प्रकल्पाचा नमुना देशभर रुजला नाही.