चौथी सीट

परवा सहावीच्या वर्गात चौरस मीटर शिकवीत होतो. खडूने फरशीवर चौकोन आखला आणि म्हटले, "यात किती जण मावतात ते उभे राहून दाखवा." नऊ पोरे सहज मावली. अकरावा शिरला तेव्हा मधला ओरडला, "सर, गुदमरायला होतंय!" मी चौकोन पुसून टाकला. रेल्वेच्याच हिशेबाने गर्दीच्या वेळी मुंबईच्या लोकलमध्ये एवढ्या जागेत चौदा ते सोळा माणसे उभी असतात, आणि डोंबिवलीहून दादरला येताना त्यांतला एक मी असतो.

वाचकहो, या प्रवासाचा आरंभ मात्र मोठ्या ऐटीत झाला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी सुटली ती तोफांच्या सलामीत. डबे चौदा आणि पाहुणे चारशे. म्हणजे डब्यामागे तीसही नव्हेत! पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोहोचले. १८६७ साली विरारहून मुंबईस गाडी सुरू झाली, ती दिवसातून एक जाई नि एक येई. आजच्या विरारकराने हे वाचून हसावे की रडावे?

गर्दीचे मूळ मला नकाशात दिसते. मुंबई दक्षिणोत्तर लांब आणि अरुंद. गोदी नि कचेऱ्या दक्षिणेच्या टोकाला. वाढायला जागा ती उत्तरेलाच. त्यामुळे सकाळी सारे गाव एकाच दिशेला लोटते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी विजेची गाडी कुर्ल्यापर्यंत धावली आणि प्रवासाचा वेळ वाचू लागला. पण तो वाचलेला वेळ माणसांनी आणखी लांब बिऱ्हाड करण्यात खर्च केला. कित्येकांची निवड तरी कुठे होती? १९८२ च्या संपानंतर वडिलांची गिरणी पुन्हा धडपणे चाललीच नाही. परळची खोली सुटली नि आम्ही डोंबिवलीकर झालो.

या गाडीचा एक अलिखित कायदा आहे. बाक तिघांचा, पण चौथा आला की तिघांनी सरकायचे आणि त्याने अर्ध्या मांडीवर टेकायचे. हीच ती चौथी सीट. तिकिटावर ती नाही, रेल्वेच्या हिशेबात नाही; पण घाटकोपर येईपर्यंत तिच्यावर टेकलेल्याला राज्य मिळाल्यासारखे वाटते.

सरकायलाही जागा उरत नाही तेव्हा काय होते, तेही पाहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत तेवीस माणसे गेली. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडले; काही घरी परतलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी आमच्या डब्यात पत्त्यांचा डाव बसला नाही. भजनी मंडळही गप्प. मुंब्रा जवळ येताच दारातल्या एका कोवळ्या पोराची कॉलर कुणीतरी मागून घट्ट धरली. "आत ये रे बाबा," दाराजवळच्या बाकावरचे काका म्हणाले. "जागा नाही हो," पोरगा म्हणाला.

आम्ही सगळे इंच इंच सरकलो.