गाडी धुतली तरी पुढची चाकं काळीच का राहतात? ब्रेक डस्ट म्हणजे काय आणि ती काढायची कशी?

गाडी धुऊन झाली, बॉडी चकाचक झाली, पण अलॉयवर बोट फिरवलं की बोट काळंकुट्ट. त्यातही पुढच्या चाकांवर जास्त, मागच्या चाकांवर कमी. बरेच जण हा दोष रस्त्याच्या धुळीला देतात, उरलेले वॉशिंगवाल्या पोराला. पण ही काळी पावडर रस्त्यावरून येत नाही. ती तुमच्या गाडीच्या ब्रेकमधून बाहेर पडते. तिला म्हणतात ब्रेक डस्ट.

आता ही तयार कशी होते?

तुम्ही ब्रेक दाबला की कॅलिपर दोन्ही बाजूंनी पॅड आवळतो आणि मधली फिरती डिस्क पकडतो. या घर्षणात पॅड झिजतात, हे सगळ्यांना माहीत असतं. पण डिस्कसुद्धा थोडी थोडी झिजत असते. डिस्क बिडाची असते, म्हणजे आपल्या डोशाच्या बिडाच्या तव्याच्या जातकुळीतली. त्यामुळे या पावडरमध्ये पॅडमधला कार्बन आणि रेझिन असतं, तसे लोखंडाचे बारीक कणही असतात.

खरा त्रास या लोखंडाचा. हे कण गरम असतानाच बाहेर उडतात आणि रिमवर चिकटून बसतात. नंतर त्यांना पाणी लागलं की ते गंजतात. पावसाळ्यात चंदेरी अलॉयवर नारिंगी-तपकिरी ठिपके दिसतात ना, तो बहुतेकदा याच कणांचा गंज असतो. ‘अलॉय गंजला’ असं आपण म्हणतो खरं, पण अलॉय ॲल्युमिनियमचा असतो आणि ॲल्युमिनियमला असा लाल गंज चढत नाही.

पुढची चाकं जास्त काळी होण्याचं कारणही साधं आहे. ब्रेक मारला की गाडीचा भार पुढे येतो, म्हणून थांबवण्याचं बहुतांश काम पुढचे ब्रेक करतात. शिवाय आपल्याकडच्या अनेक छोट्या गाड्यांना मागे डिस्क नसून ड्रम असतात. तिथे लायनर झिजला तरी त्याची पावडर बरीचशी ड्रमच्या आतच राहते.

राहिली काळी तर काय बिघडलं, असं कुणी म्हणेल. बिघडतं ते असं. अलॉयवर रंग आणि त्याच्यावर पारदर्शक लॅकरचा पातळ थर असतो. लोखंडाचे कण त्या थरात रुतून राहिले की तो हळूहळू खराब होतो. मग पाणी आत शिरतं आणि लॅकरखाली पांढरट फोड, किड्याच्या वाटेसारख्या रेघा दिसायला लागतात. एकदा हे सुरू झालं की धुऊन काही उपयोग नाही, रिम खरवडून पुन्हा रंगवावा लागतो. टॉप मॉडेलला येणाऱ्या डायमंड कट अलॉयवर हे लवकर होतं, कारण तिथे चकाकणाऱ्या धातूवर रंग नसतो, फक्त लॅकर असतं. कोकणात राहणाऱ्यांना खाऱ्या हवेचा बोनस वेगळाच. आणि रीलसाठी थेट समुद्राच्या वाळूत गाडी घालणाऱ्यांनी त्याच दिवशी चाकं गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुवावीत. (गाडी वाळूत घालूच नये, पण ते सांगून कोण ऐकतं.)

धुवायची कशी?

पहिली गोष्ट, चाक गार होऊ द्या. घाट उतरून आलात आणि लगेच पाईप लावला, असं करू नका. तापलेल्या डिस्कवर अचानक गार पाणी पडलं तर ती वाकडी होऊ शकते आणि क्लीनर मारला तर तो रिमवर वाळून डाग पडतात. हात लावून रिम गार लागला की सावलीत कामाला लागा.

चाकं सगळ्यात आधी धुवा, बॉडी नंतर. चाकांसाठी बादली आणि फडकं वेगळं ठेवा. ही पावडर कडक असते. ज्या फडक्याने रिम पुसला तेच बॉनेटवर फिरवलं की रंगावर उन्हात दिसणारे बारीक ओरखडे उठलेच समजा.

आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने सुटी घाण काढा. मग कार शॅम्पूचं पाणी आणि मऊ ब्रश. स्पोकच्या मागे आणि नटांच्या खोबणीत जुना रंगाचा ब्रश छान फिरतो. दर आठवड्याला किंवा पंधरा दिवसांनी एवढं केलं तर पुढचं काही लागतच नाही.

पण महिनोन्महिने साचलेली डस्ट शॅम्पूने निघत नाही. त्यासाठी आयर्न रिमूव्हर मिळतो. तो फवारला की दोन-तीन मिनिटांत रिमवरून जांभळे ओघळ यायला लागतात. हे रील्समध्ये फार चालतं, पण ती ट्रिक नाही. त्यातलं थायोग्लायकोलेट नावाचं रसायन लोखंडाशी जोडलं जातं, त्याचा तो रंग. याच कुटुंबातली रसायनं केस काढायच्या क्रीममध्ये असतात, म्हणून वासही तसाच, सडक्या अंड्यासारखा. हातमोजे घाला, मोकळ्या हवेत वापरा, वाळू देऊ नका, भरपूर पाण्याने धुवा. दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरे.

आता काय वापरू नये ते. फरशी किंवा टॉयलेट साफ करायचं ॲसिड कधीच नाही. ते रिमसोबत लॅकरही खातं आणि नट, डिस्क, कॅलिपर सगळीकडे गंजाला आमंत्रण देतं. काही वॉशिंग सेंटरवर बिनलेबलच्या कॅनमधून ‘स्पेशल लिक्विड’ मारतात. त्यात काय आहे ते विचारा, उत्तर मिळालं नाही तर नको म्हणा. काही व्हील क्लीनरमध्ये फ्लोराइडयुक्त ॲसिड असतात, ती त्वचेलाही धोकादायक आहेत. तारेची घासणी नको. टूथपेस्टचा हॅकही नको, कारण तिच्यात घासणारे कण असतात आणि लॅकरची चमक जाते. टायर काळे दिसावेत म्हणून डिझेल फासण्याची पद्धत अजून दिसते, त्याने रबर खराब होतं.

कोरड्या चाकावर हवेचा पाईप मारून डस्ट उडवणं तर सगळ्यात वाईट. ते कण नाकात जातात. पूर्वी ब्रेक पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि स्वस्त, बिनब्रँडच्या पॅडमध्ये नेमकं काय घातलंय ते कळायला मार्ग नसतो. हा विषय आता कायद्यापर्यंत पोचलाय. युरोपियन युनियनने २०२४ मध्ये मंजूर केलेल्या युरो ७ नियमांत धुराच्या जोडीने ब्रेकमधून उडणाऱ्या कणांवरही पहिल्यांदाच मर्यादा घातली. साध्या पेट्रोल-डिझेल कारला किलोमीटरमागे ७ मिलीग्रॅम आणि पूर्ण इलेक्ट्रिक कारला ३ मिलीग्रॅम. इलेक्ट्रिक गाडी वेग कमी करताना मोटर उलटी वापरून बॅटरी चार्ज करते, तिचे ब्रेक कमी घासतात, म्हणून तिला मर्यादा कडक.

धुतल्यावर पुढे काय?

चाक पूर्ण वाळलं की वॅक्स किंवा सीलंटचा थर द्या. वॅक्स काही आठवडे टिकतं, सीलंट काही महिने, सिरॅमिक कोटिंग त्याहून जास्त. पण विकणारा सांगतो तसं कोटिंगमुळे डस्ट बसायची थांबत नाही. ती कमी चिकटते आणि नुसत्या पाण्याने लवकर निघते, इतकंच. यातलं काहीही डिस्कवर किंवा पॅडवर लागता कामा नये. वॅक्स, पॉलिश, गंज सोडवायचा स्प्रे, टायर शाइन, काहीच नाही. ब्रेक घसरतील. टायर शाइन टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावरही लावू नका, बाइकवाल्यांनी तर अजिबात नाही.

डस्ट कमीच व्हावी असं वाटत असेल तर पॅड बदलताना सिरॅमिक पॅडची चौकशी करा. त्यांची डस्ट फिकट असते आणि कमी दिसते, पण किंमत जास्त. फुकटातला उपाय म्हणजे खंडाळ्याचा किंवा खंबाटकीचा घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये राहणं. ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की पॅड तापतात, जास्त झिजतात आणि शेवटी ब्रेक लागेनासे होण्याची वेळ येते.

चाकं स्वतः धुण्याचा मोठा फायदा वेगळाच आहे. पुढच्या दोन चाकांवर डस्ट साधारण सारखी असते. एक चाक दुसऱ्यापेक्षा खूपच काळं असेल तर तिथला कॅलिपर अडकलेला असू शकतो आणि पॅड सतत घासत असतील. उलट एकच चाक संशय यावा इतकं स्वच्छ असेल तर त्या बाजूचा ब्रेक नीट लागत नसेल. आणि कोरड्या पावडरऐवजी रिमच्या आतल्या बाजूला ओला, तेलकट काळा थर दिसला तर ब्रेक ऑइल किंवा ग्रीस गळत असण्याची शक्यता आहे. अशा वेळी तो पुसून गाडी बाहेर काढू नका. मेकॅनिकला तसाच दाखवा.

बाकी, धुतल्यावर दुसऱ्या दिवशी डिस्कवर तांबूस थर दिसला तर घाबरू नका. बिडावर तो काही तासांतच चढतो. चार-पाच वेळा ब्रेक मारलात की निघून जातो.