स्वावलंबनाचा अर्धा इतिहास

एखाद्याने नाव कमावले म्हणजे ‘तो स्वतःच्या हिमतीवर वर आला’ असे आपण कौतुकाने म्हणतो. हिमतीचे मोल मोठेच आहे. परंतु या विचाराचा जेथे गाजावाजा झाला, तेथील हकीकत काही निराळेच सांगते.

सॅम्युएल स्माइल्स यांचा ‘सेल्फ-हेल्प’ हा ग्रंथ १८५९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्याच वर्षी त्याच्या सुमारे २०,००० प्रती खपल्या. मात्र त्याचे बीज १८४५ च्या सुमारास लीड्स शहरी पडले होते. तेथील काही कामकरी तरुण हिवाळ्याच्या रात्री जमून एकमेकांस लेखन, वाचन व गणित शिकवीत. संख्या वाढली तेव्हा पूर्वी पटकीच्या रुग्णांसाठी वापरलेली एक कळकट जागा त्यांनी भाड्याने घेतली. तेथे स्माइल्स यांनी दिलेली व्याख्याने हाच त्या ग्रंथाचा पाया होय. म्हणजे स्वावलंबनाची थोरवी गाणारा ग्रंथ परस्परसाहाय्यातून जन्मास आला! पुढे लोक त्यात स्वार्थाचे समर्थन पाहू लागले, तेव्हा १८६६ च्या आवृत्तीत लेखकासच खुलासा करावा लागला.

आपल्याकडे राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांचे वसतिगृह स्थापिले. पुढे तेथे इतर अनेक समाजांचीही वसतिगृहे उभी राहिली. त्यांत शिकलेल्यांचे कष्ट त्यांचे स्वतःचे होते. डोक्यावरचे छप्पर मात्र अनेकांच्या हातांनी उभारलेले होते.

शिकून स्थिरावलेल्या ज्ञातिबांधवांनी आपल्या यशाचा हिशेब मांडताना ही जमेची बाजू विसरू नये. ती फेडावयाची ती मागून येणाऱ्या मुलांपाशीच.