निदान आणि भाकीत

आजचा विषय वरवर वैद्यकाचा आहे. पण आम्ही डॉक्टर नाही, तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी आहोत. त्यामुळे आज आपण एका वाक्याचा इतिहास पाहू. "तुमच्या बाळाला डाउन सिंड्रोम आहे," हे ते वाक्य.

आधी थोडा घरचा हिशेब. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५ लाख ६ हजार होती, अंबरनाथची २ लाख ५३ हजार आणि बदलापूरची १ लाख ७४ हजार. तिन्ही मिळून सव्वानऊ लाखांच्या वर. हजारी सोळा-सतरा जन्मदर धरला, तर वर्षाला पंधरा हजार बाळं होतात. डाउन सिंड्रोमचं प्रमाण साधारण सातशे-आठशे जन्मांमागे एक. म्हणजे वर्षाला वीसेक बाळं. हा अंदाज आहे, पण त्याचा अर्थ असा की दर अडीच-तीन आठवड्यांनी आपल्या या तीन शहरांत कुठल्या तरी घरावर हे वाक्य ऐकण्याची वेळ येते. एवढ्या वेळा बोललं जाणारं वाक्य कसं बोलावं, याचा विचार मात्र आपल्याकडे क्वचितच होतो.

या वाक्याची सुरुवात १८६६ मध्ये होते. लंडनच्या दक्षिणेला अर्ल्सवुड नावाचं आश्रयगृह होतं. तिथले वैद्यकीय अधीक्षक जॉन लँग्डन डाउन यांनी काही मुलांमधलं साम्य टिपलं: डोळ्यांची ठेवण, चपटा चेहरा, जीभ. निरीक्षण अचूक होतं. पण त्याला त्यांनी दोन गोष्टी जोडल्या. एक, त्या काळच्या वंशकल्पनेप्रमाणे या मुलांना 'मंगोल' म्हटलं. दुसरी, आईवडिलांचा क्षयरोग हे याचं मुख्य कारण ठरवलं. दोन्ही गोष्टी पुढे खोट्या ठरल्या. पुढे डाउन यांच्याच घरात, त्यांच्या मुलाच्या पोटी, असा एक नातू जन्माला आला. त्याचं नाव आजोबांचंच, जॉन.

इथे आम्हाला आमच्या विषयातला एक भेद उपयोगी पडतो. जे आहे ते सांगणं म्हणजे निदान. पुढे काय होणार ते सांगणं म्हणजे भाकीत. डॉक्टर पहिलं सांगतात तेव्हा दुसरंही त्याच दमात निघून जातं: "हे मूल कधी शिकणार नाही, फार जगणार नाही, दुसऱ्याचा विचार करा." ऐकणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात, कारण दोन्ही एकाच तोंडातून आणि एकाच खात्रीने येतात.

पण हे भाकीत आलं कुठून? बऱ्याच अंशी आश्रयगृहांतून. आईपासून तोडलेली, गर्दीत वाढलेली, शाळा न पाहिलेली मुलं बघून 'ही मुलं अशीच असतात' असा निष्कर्ष निघाला. १९२९ च्या सुमारास इंग्लंडात या मुलांचं सरासरी आयुर्मान नऊ वर्षं होतं. आज प्रगत देशांत ते साठीच्या आसपास आहे. गुणसूत्र तेच आहे. बदललं ते भोवतालचं: प्रतिजैविकं आली, हृदयाच्या शस्त्रक्रिया आल्या आणि मुलं घरात वाढू लागली.

१९५९ मध्ये पॅरिसमध्ये लज्यून, गोतिए आणि त्युर्पां यांनी दाखवलं की या मुलांच्या पेशींत २१ व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते. ४६ ऐवजी ४७. बहुतेक वेळा हा पेशीविभाजनातला अपघात असतो. शेकड्यात तीन-चार मुलांतच गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्याला चिकटलेला असतो आणि तेव्हा आईवडिलांचीही तपासणी करावी लागते. आईचं वय वाढतं तशी शक्यता वाढते हे खरं. पण तरुण वयात बाळंत होणाऱ्या स्त्रियाच संख्येने जास्त, म्हणून तरुण आयांनाही अशी मुलं होतात. ग्रहणात सुरी हातात घेतली, पपई खाल्ली, याचा काही संबंध नाही. हे वाक्य डॉक्टरांनी सासूबाईंच्या समोर, मोठ्याने सांगायला हवं. नाही सांगितलं, तर क्षयरोगाच्या जागी ग्रहण येतं आणि दोष पुन्हा आईच्या पदरी पडतो.

नावही बदललं. १९६१ मध्ये एकोणीस तज्ज्ञांनी 'लॅन्सेट'ला पत्र लिहून जुना शब्द टाकण्याची मागणी केली. १९६५ मध्ये मंगोलियाच्या प्रतिनिधींनी आक्षेप घेतल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने तो सोडला. आपल्याकडे तो नंतरही रेंगाळला.

आता एक मुंबईचं उदाहरण. १९४४ मध्ये, गुणसूत्राचा शोध लागण्याच्या पंधरा वर्षं आधी, वकील दांपत्याने डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या दीनासाठी घरातच शाळा सुरू केली. तीच आजची शिवडीची जय वकील संस्था. निदान त्यांनी स्वीकारलं. त्या काळचं भाकीत स्वीकारलं असतं, तर शाळा निघालीच नसती.

मग सांगावं कसं? मँचेस्टरच्या क्लिफ कनिंगहॅम आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये हाच प्रश्न तपासला. बातमीच वाईट, तेव्हा पालक नाराज होणारच, असं डॉक्टर धरून चालत. त्यांनी एक पद्धत आखली: शक्य तितक्या लवकर, आईवडिलांना एकत्र, बंद खोलीत, बाळ जवळ असताना, घाई न करता सांगायचं, आणि लगेच पुन्हा भेटायचं. ज्यांना असं सांगितलं ती कुटुंबं समाधानी होती. इतरांपैकी बहुतेक नव्हती. बातमी दोघांनाही तीच होती.

आपल्याकडे काय होतं? व्हरांड्यात वडिलांना किंवा सासऱ्यांना गाठून सांगतात आणि वर बजावतात, "बाईला एवढ्यात कळू देऊ नका." आई सगळ्यांचे चेहरे वाचत बसते. बदलापूरला आणखी एक अडचण: बाळाचा बाप सकाळच्या लोकलने गेलेला असतो. मग संध्याकाळच्या गाडीपर्यंत थांबावं. उल्हासनगर फाळणीत उखडलेल्या सिंधी कुटुंबांनी वसवलेलं. तिथल्या एखाद्या घरात सांगताना भाषेचाही विचार करावा.

भाषेचा विचार कायद्याला सुचला आहे, पण अर्धाच. गर्भलिंगनिवडीविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात पहिला कायदा केला. १९९४ मध्ये केंद्राचा आला. त्यात अट आहे की गर्भजल तपासणीसारखी चाचणी करण्यापूर्वी स्त्रीची लेखी संमती तिला समजणाऱ्या भाषेत घ्यावी आणि तिची प्रत तिला द्यावी. जन्माआधी तिला समजणारी भाषा हवी, मग जन्मानंतर व्हरांड्यातली कुजबुज कशी चालते?

२०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत डाउन सिंड्रोम आहे. घरी येणाऱ्या आशाताईही नवजात बाळ तपासतात. तेव्हा शोधण्याची व्यवस्था कागदावर आहे, सांगण्याची नाही. उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचं छाया रुग्णालय, बदलापूरचं ग्रामीण रुग्णालय आणि आपली खासगी प्रसूतिगृहं यांनी मिळून एक पान लिहावं, मराठीत, हिंदीत आणि सिंधीत. त्यात एवढंच असावं: बाळाच्या हृदयाची, थायरॉइडची, कानांची, डोळ्यांची तपासणी कधी आणि कुठे करायची, व्यायाम आणि बोलण्याचे उपचार कुठे मिळतात, आणि पुढे हे मूल काय करू शकेल ते आज कुणालाच सांगता येत नाही. शेवटचं वाक्य आम्हाला सर्वात महत्त्वाचं वाटतं, कारण ते खरं आहे.

सभागृहात काही डॉक्टर आणि परिचारिका बसल्या आहेत. आता त्यांचं ऐकू. प्रश्न विचारा.